माहेरच्या पाण्यावर दोन रात्री

भूगोलाच्या तासाला ओकाव्हँगो नदीचं नाव फळ्यावर लिहिलं की वर्गात हमखास हशा पिकायचा. "ओका... काय बाई?" मग मी ते नाव सगळ्यांकडून तीनदा म्हणून घ्यायची. ही नदी मला सांगायला आवडायची, कारण ती हट्टी आहे. अंगोलाच्या डोंगराळ भागात उगम पावते, नामिबियाची चिंचोळी पट्टी ओलांडून बोत्स्वानात येते आणि समुद्राची वाट न धरता कलहारीच्या वाळूत हातपाय पसरून बसते. तिचा त्रिभुज प्रदेश समुद्रकाठी नाही, भर वाळवंटात आहे. आणखी गंमत म्हणजे अंगोलात जानेवारी-फेब्रुवारीत पडलेला पाऊस इतक्या सावकाश खाली सरकतो की बोत्स्वानात ऐन कोरडा हंगाम असताना, जून ते ऑगस्टमध्ये, तिथलं पाणी सगळ्यात जास्त पसरलेलं असतं. वर आभाळ निरभ्र आणि खाली पूर! युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतलं एक हजारावं स्थळ म्हणून २०१४ साली त्याची नोंद झाली.

आमचा एक पुतण्या कामानिमित्त दक्षिण आफ्रिकेत असतो. तो सहकुटुंब तिथं जाऊन आला आणि मग पंधरा दिवस फोनवर दुसरा विषय नाही. पाच-सहा तंबूंचा मुक्काम, भोवती कुंपण नाही, रात्री एकट्याने बाहेर पडायचं नाही, हत्ती तंबूला अंग घासून जातात, पाणघोडे रात्रभर घुरघुरतात. सकाळी मोकोरो नावाच्या अरुंद होडीतून फिरायचं. ही होडी पूर्वी एकाच झाडाचं खोड कोरून करायचे, आता फायबरचीही असते. नावाडी मागे उभा राहून लांब काठीने ती रेटतो. "काकू, तुम्ही यायलाच हवं होतं," असं म्हणून त्याने एका रात्रीचं भाडं सांगितलं. मी मनात माझ्या पेन्शनशी त्याचा भागाकार केला आणि विषय बदलला. (बाकी किती उरली ते विचारू नका.)

तर सांगायचं म्हणजे, हे सगळं लेकीच्या कानावर गेलं आणि तिने २०२४ च्या मार्चअखेर दोन रात्रींचा बेत ठरवला. तंबू, पाणी, पक्षी, होडी, सगळं तसंच. फक्त जागा ओकाव्हँगो नव्हे, उजनीचा फुगवटा. भिगवणच्या पुढे, इंदापूर तालुक्यात, पाण्याच्या काठी एका शेतकऱ्याने चार तंबू टाकले आहेत. लेकीला वाटलं होतं, आईला रोहित पक्षी दाखवावेत. ठिकाण ऐकून मी गप्प बसले, तेव्हा तिच्या लक्षात आलं. "आई, तुला नको असेल तर दुसरीकडे जाऊ." मी म्हटलं, "नको कशाला? माहेरीच तर जायचंय."

ज्या मंडळींना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. माझं माहेर भीमेच्या काठचं. १९७३ साली लग्न होऊन मी भोंगवलीला आले, आणि त्यानंतर चार-पाच वर्षांत माहेरचं गाव उठलं. उजनी धरण १९८० साली पुरं झालं, पण पाणी त्याआधीच चढायला लागलं होतं. नदीकाठची कितीतरी गावं गेली, त्यातलंच हे एक. गावाचं नाव इथे लिहीत नाही. नात्यातले वाचतील त्यांना ठाऊकच आहे, आणि बाकीच्यांना ते नकाशावर सापडायचं नाही. नव्या ठिकाणी त्याच नावाची पाटी आहे, पण ते गाव वेगळं.

वडिलांनी घर स्वतःच्या हाताने उतरवलं. तुळया, दारं, चौकटी, खिडक्यांचे गज असं सगळं बैलगाड्यांतून नव्या जागी नेलं. दगडी जोतं तेवढं राहिलं. जड म्हणून जातंही राहिलं. त्यानंतर मी भावाकडे नव्या गावी कितीदा गेले, दिवाळीला, लग्नांना, वडिलांच्या दहाव्यालाही. पण पाण्याकडे कधी गेले नाही. भाऊही जात नाही. त्याच्या रानातून ते पाणी दिसतं. तो तिकडे पाहतो ते मोटार चालू आहे का, एवढ्यापुरतं.

भोंगवलीहून नीरा, बारामती करत दुपारी भिगवणला पोचलो. वाटेत नातवाला नद्या समजावत होते. (सवय जात नाही!) आमच्या भोरचं पाणी नीरेतून वाहतं आणि धरणाच्या खाली, नीरा-नरसिंहपूरला भीमेला मिळतं. म्हणजे ते उजनीत येतच नाही. पण वेल्ह्यातल्या पानशेत, वरसगावचं पाणी मुठेतून, मग मुळा-मुठेतून भीमेत येतं. मुळशी, पवना, इंद्रायणी, भामा, घोड यांचंही तसंच. इंदापूर-करमाळ्याला पाऊस जेमतेम. आषाढात इकडचा शेतकरी कोरड्या आभाळाकडे पाहत असतो आणि नदीला मात्र पूर आलेला असतो, कारण पाऊस तिकडे सह्याद्रीत पडत असतो. हे सांगता सांगता माझ्या मनात आलं, अगं, हे तर ओकाव्हँगोसारखंच! पाऊस एकीकडे आणि पाणी दुसरीकडे. फरक एवढाच की तिथं वाळवंटाने नदी अडवली आणि इथं माणसांनी.

तंबू साधा होता. जाड कापड, आत दोन लोखंडी खाटा, एक बल्ब, एक टेबलपंखा, मागे पत्र्याचं न्हाणीघर. समोर पन्नास-साठ पावलांवर चिखल आणि चिखलापलीकडे पाणी. मार्चचं ऊन तंबूत चारपर्यंत थांबू देत नाही, म्हणून आम्ही लिंबाखाली बसलो. रात्री हत्ती नव्हते, पण कोल्हे ओरडले. पाणघोड्यांची घुरघुर नव्हती, पण उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून चालले होते, आणि मध्येच पुणे-सोलापूर मार्गावरची एखादी गाडी लांब शिट्टी देत जात होती. शेतकऱ्याच्या घरून ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा आणि जावईबापूंसाठी तळलेली चिलापी आली. आमचे वडील माळकरी, त्यामुळे नदी दाराशी असूनही घरात मासा शिजला नाही, आणि मलाही सवय नाही. पण ही चिलापी मूळची आफ्रिकेची बरं का! १९५२ च्या सुमारास आपल्या देशात आणली आणि मग तळ्या-धरणांत अशी पसरली की आता भिगवणच्या खाणावळींची ओळखच तिच्यावर आहे. नातू म्हणाला, "आजी, म्हणजे आफ्रिका आपल्या ताटात आली." ताट बाबांचं होतं, पण मुद्दा बरोबर.

दुसऱ्या दिवशी पहाटे होडीत बसलो. नावाडी तिशीतला, भोई समाजातला. पाणी उथळ होतं तिथं इंजिन बंद करून तो लांब बांबूने होडी रेटत होता. पुतण्याचा मोकोरोचा फोटो डोळ्यांपुढे आला. उजाडलं तसे पक्षी दिसायला लागले. चक्रवाकांच्या जोड्या, चित्रबलाक, दर्वीमुख, राखी बगळे, काठीवर पंख वाळत घालून बसलेले पाणकावळे, लांब तांबड्या पायांचे शेकाटे. काळे, कपाळावर पांढरा टिळा लावलेले पक्षी पाण्यावर थव्याने चालले होते. नावाडी म्हणाला, "हे वारकरी." आणि खरंच, ही भीमाच पुढे पंढरपुरात चंद्रभागा होते. दिंडी योग्य वाटेवर होती म्हणायची!

आणि मग रोहित. लांबून वाटलं, चिखलाच्या कडेला कुणीतरी फिकट गुलाबी लुगडी वाळत घातली आहेत. जवळ गेल्यावर (फार जवळ नाही, नावाड्याने होडी लांबच थांबवली) शेकडो वाकलेल्या माना दिसल्या. हा पक्षी डोकं उलटं करून जेवतो. वाकडी चोच पाण्यात उपडी घालतो, पाणी आणि चिखल आत ओढून बाहेर टाकतो आणि बारीक जीव, शेवाळ तेवढं गाळून घेतो. त्याचा गुलाबी रंगही या खाण्यातूनच येतो. पिल्लं राखाडी असतात. हेच मोठे रोहित आफ्रिकेतही आहेत, बोत्स्वानाच्या मिठागरांवर ते वीण करतात. आपल्याकडे त्यांची मोठी वीण कच्छच्या रणात होते. इथं ते खायला येतात, म्हणून त्यांना उथळ पाणी आणि उघडा चिखल लागतो. पाऊसकाळ चांगला झाला, धरण तुडुंब राहिलं, की ते उशिरा येतात आणि कमी येतात.

ते वर्ष तसं नव्हतं. २०२३ चा पावसाळा तोकडा गेला होता. वर्तमानपत्रात "उजनी उणे" असं यायचं. त्याचा अर्थ असा की या धरणात साधारण ११७ टीएमसी पाणी मावतं, त्यातलं ६३ टीएमसीच्या वर मृतसाठा म्हणून धरलेलं आहे. उरलेलं त्रेपन्न-चौपन्न टीएमसी संपलं की टक्केवारी शून्य होते आणि मृतसाठ्यातलं पाणी उचललं की ती उणे होत जाते. त्या वर्षी जानेवारीतच ती शून्याखाली गेली आणि उन्हाळ्याअखेर उणे पन्नासच्याही खाली उतरली. पळसदेवचं पळसनाथाचं जुनं देऊळ पाण्याबाहेर आलं, लोक ते बघायला गर्दी करत होते. आमच्या भोर-वेल्ह्याला हे दृश्य नवं नाही. भाटघरच्या पाण्यातून कांबरेश्वराचं देऊळ उन्हाळ्यात असंच वर येतं.

म्हणजे बघा, पाणी उतरलं की रोहितांना चिखल मिळतो आणि बुडालेली गावं वर येतात. दोन्ही एकाच वेळी. छायाचित्र काढायला आलेल्यांना ज्या वर्षी चांगली छायाचित्रं मिळतात, त्या वर्षी काठच्या शेतकऱ्याला मोटारी पाण्यामागे सरकवत न्याव्या लागतात, केबल आणि पाइप वाढवत. हे मी कुणाला दोष द्यायला लिहीत नाही. पाण्याचा हिशेबच तसा आहे.

नावाड्याने विचारलं, "आजी, कुठल्या तुम्ही?" मी भोंगवली सांगितलं आणि मग माहेरच्या गावाचं नाव सांगितलं. त्याने वल्हं थांबवलं. "जुनं का नवं?"

"जुनं."

"मग ते हितंच की," असं म्हणून त्याने उजवीकडे हात केला. तिकडे नुसतं पाणी होतं.

त्याचा आजा धरण भरल्यावर खालच्या अंगाहून मासेमारीसाठी इकडे आला. हा पोरगा याच काठावर जन्मला. त्याने आमचं गाव कधी पाहिलेलं नाही, पण ते त्याला पाठ होतं! कसं? जाळं अडकतं म्हणून. "त्या तिथं दगडं हायेत, देवळाची असतील. तिथं जाळं फाटतं. त्याच्या पुढं बाभळीची खुंटं. आन् ह्या बाजूला एक खोल जागा हाय, गोल. तिथं माझ्या आज्याची दोन जाळी गेली. आम्ही तिला हीर म्हणतो."

माझ्या अंगावर काटा आला. मी भावाला फोन लावला. भाऊ ऐंशीचा, कानाला कमी ऐकतो, म्हणून स्पीकरवर. म्हटलं, "दादा, आपली पांढरीतली विहीर कुठं होती रे, मारुतीच्या कुठल्या अंगाला?" पलीकडे बराच वेळ काही नाही. मग म्हणाला, "उगवतीला. चिंचेच्या खाली. का?" मी म्हटलं, "आता या मुलाशी बोल."

पुढची दहा मिनिटं ते दोघे बोलत होते आणि आम्ही ऐकत होतो. दादा सांगत होता, मारुतीपासून चावडी, चावडीपासून उतार, उतारावर सुतारांची आळी. तो पोरगा म्हणत होता, "बरोबर, तिथं उतार हाय, पाणी एकदम खोल होतं." दादा म्हणाला, "आमचं जोतं उतारावरून तिसरं." पोरगा म्हणाला, "तिथं जाळं नाही अडकत दादा, तिथं गाळ बसलाय." दादा म्हणाला, "बसू दे." एकाला जमीन ठाऊक होती, दुसऱ्याला खोली, आणि दोघांचं गाव एकच निघालं. फोन ठेवताना दादाने त्याला विचारलं, "मासा मिळतो का रे चांगला?" तो म्हणाला, "ह्या साली कमी. पाणी नासलंय." पुणे-पिंपरीचं सांडपाणी याच नद्यांतून खाली येतं. उन्हाळ्यात ते हिरवं दिसतं आणि काठाला जलपर्णी दाटते. ते आम्हीही पाहिलं, वासही घेतला.

उतरताना तो मला "आत्या" म्हणाला. गावची लेक म्हणजे आत्याच की. त्याने होडीचे पैसे घेतले, तेही बरोबरच. त्याचं पोट त्यावर आहे.

त्या संध्याकाळी तंबूपुढे बसून मी खूप विचार केला. माझं गेलं तिथं त्याचं आलं. त्याच्या आज्याला नदीत पुरेसा मासा नव्हता, धरणाने दिला. दादाची काळी जमीन गेली, नव्या जागी माळरान मिळालं. त्या माळावर ऊस उभा आहे तो याच पाण्यावर. पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या जमिनीत कुणी गाळपेर करून चार पोती काढतं. धरणग्रस्तांसाठी राज्याने पुनर्वसनाचा कायदा केला तो १९७६ साली. कायदा झाला, पण कचेरीच्या पायऱ्या झिजवण्यात वडिलांची शेवटची वर्षं गेली, तेही खरं. यातलं एक खरं दुसऱ्या खऱ्याला खोडत नाही. गणितात अधिक-उणे करून शेवटी एक उत्तर येतं. इथं तसं येत नाही. सगळ्या ओळी तशाच ठेवाव्या लागतात.

ओकाव्हँगोतही अगदी कोरी पाटी नव्हतीच. तिथलं मोरेमी अभयारण्य १९६३ साली तिथल्याच बटावाना लोकांनी आपल्या जमिनीवर राखून ठेवलं. फार मोठी गोष्ट आहे ती. पण ते करताना तिथल्या सान लोकांच्या वस्तीला हलावं लागलं. तंबू कुठेही टाका, खाली कुणाचं तरी अंगण असतं. म्हणून तंबूत राहू नये असं मी म्हणणार नाही. राहावं, पक्षी बघावेत, आणि ज्याच्या होडीत बसलो त्याला विचारावं, बाबा, इथं आधी काय होतं? उत्तर मिळतं.

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी थोडं व्यवहाराचं. डिसेंबर ते मार्च हा काळ बरा. पट्टकदंब बघायचे असतील तर थंडीतच जा, ते हिमालय ओलांडून येतात आणि ऊन वाढलं की परततात. होडीत बसताना लाइफ जॅकेट मागून घ्या, "काय होतंय" म्हणू नका. आम्ही आलो त्यानंतर दोनच महिन्यांनी, २०२४ च्या मे महिन्यात, कुगाव-कळाशी मार्गावरची होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जीव गेले. छायाचित्रासाठी थवा उडवायला नावाड्याला सांगू नका, त्या पक्ष्यांचा घास जातो. कडेच्या चिखलावर परस्पर उतरू नका, वरून वाळलेला दिसतो आणि खाली गुडघाभर असतो. आणि भाकरी मात्र आग्रहाने दोन जास्त खा.

त्याच वर्षी सह्याद्रीत भरपूर पाऊस झाला. ऑगस्टच्या सुरुवातीला एका सकाळी नावाड्याचा फोन आला. "आत्या, उजनी भरली. गाव गेलं आत. हिरीवर आता लई पाणी हाय." मागे पावसाचा आवाज येत होता, की इंजिनचा, ठाऊक नाही. मी तसाच दादाला फोन केला. तो रानातच होता. म्हणाला, "कळलं. बरं झालं, ऊस वाचला." मीही म्हटलं, "बरं झालं." माहेर बुडाल्याची बातमी आम्ही दोघांनी अशी आनंदाने घेतली. मग दादाने विचारलं, "तो पोरगा मासे बरे मिळतात म्हणत होता का?"